कॅमेरा, मुचलका आणि कैद

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, मॅडिसन जिल्ह्याच्या न्यायालयात, २०१२ सालच्या जून महिन्यात बावीस वर्षांच्या एका तरुणीस पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा फर्मावण्यात आली. आणि या शिक्षेत असाधारण असे काही असेल तर ते एवढेच की, ती आरोपीने स्वतःच्या तोंडाने मागून घेतलेली होती. तुरुंगाबाहेर राहून व्यसनमुक्त होण्याची सवलत न्यायालयाने तिला आधीच दिलेली होती. समुपदेशन, नेमल्या दिवशी हजेरी आणि बोलावतील तेव्हा लघवीची तपासणी, एवढ्या शर्ती शेवटपर्यंत पाळल्या गेल्या असत्या तर पाच वर्षांची ती कैद कागदावरच राहिली असती. या शर्ती आपल्याच्याने पाळवत नाहीत, तेव्हा आपणास तुरुंगात धाडावे, असे तिने न्यायासनापुढे सांगितले. तिला साडेतीन वर्षांची मुलगी होती आणि तिच्या सांसारिक कलहांचे चित्रीकरण लक्षावधी प्रेक्षक दूरदर्शन संचासमोर बसून आठवड्याच्या आठवड्याला पाहत आलेले होते.

या तरुणीचे नाव अँबर पोर्टवुड. तिने तुरुंग पत्करला तेव्हा तो काहींना वेडेपणा वाटला, काहींना प्रसिद्धीचा नवा बहाणा वाटला, आणि काहींनी तिच्या मातृत्वाच्या नावाने बोटे मोडून घेतली. आमच्या मते तो एक हिशेब होता. हिशेब मांडणारीची मनःस्थिती स्थिर नव्हती हे खरे. परंतु आकडे मात्र तिच्या पदरचे नव्हते, ते कायद्याने, बाजाराने आणि एका चित्रवाणी वाहिनीने तिच्यापुढे मांडून ठेवलेले होते.

अँडरसन हे तिचे गाव. इंडियानापोलिस या राजधानीच्या ईशान्येस, मोटारीने तासाभराच्या आत पोचावे इतक्या अंतरावर ते आहे. १८८७ साली तेथे भूगर्भात नैसर्गिक वायू सापडला, स्वस्त इंधनाच्या आशेने कारखानदार धावून आले, आणि वायू संपल्यावरही जे टिकून राहिले त्यांतून पुढे जनरल मोटर्सचे विशाल साम्राज्य तेथे उभे राहिले. डेल्को रेमीच्या लांबलचक इमारतींत मोटारी सुरू करण्याची विद्युत्‌यंत्रे तयार होत आणि गाइड लॅम्पच्या कारखान्यात मोटारींचे दिवे. १९३६ सालच्या अखेरच्या दिवशी गाइड लॅम्पच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून जो संप केला, त्याची नोंद अमेरिकेच्या कामगार चळवळीच्या इतिहासात आहे. १९७० च्या सुमारास सत्तर हजार वस्तीच्या या गावात वीस हजारांहून अधिक माणसे एकट्या जनरल मोटर्सच्या हजेरीपटावर होती. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत एकामागून एक कारखाने बंद पडले, आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात शेवटच्या कारखान्याचेही दार लागले. गिरणगावाची राखरांगोळी ज्यांनी परळ-लालबागेत डोळ्यांनी पाहिली आहे, त्यांना या इतिहासाचा उत्तरार्ध तपशिलाने सांगण्याचे प्रयोजन नाही.

अँबर १९९० साली जन्मली, म्हणजे कारखान्यांची पडझड चांगलीच रंगात आलेली असताना. शाळा अर्धवट सुटली, गॅरी शर्ली नावाच्या तरुणाशी जमले, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांना मुलगी झाली. त्याच सुमारास एमटीव्ही या वाहिनीचे चित्रीकरण पथक त्यांच्या घरात शिरले. १९८१ साली केवळ संगीत दाखविण्यासाठी निघालेली ही वाहिनी तोपर्यंत संगीताचा नाद बराचसा सोडून तरुण माणसांच्या खाजगी आयुष्यांवर उपजीविका करू लागलेली होती. ‘सिक्स्टीन अँड प्रेग्नंट’ हा तिचा कार्यक्रम जून २००९ मध्ये सुरू झाला. पहिल्या मालिकेत सहा मुली होत्या. प्रत्येकीला तासाभराचा एकेक भाग, त्यात गरोदरपण, प्रसूती आणि त्यानंतरची फरफट. (अँबर प्रसूतीच्या वेळी अठरा वर्षांची होती, शीर्षकातील सोळाव्या वर्षाचा आग्रह वाहिनीने फारसा काटेकोरपणे धरलेला दिसत नाही.) त्या सहांपैकी चौघींना पुढे निवडून डिसेंबर २००९ मध्ये ‘टीन मॉम’ ही सलग मालिका सुरू झाली, आणि दुसऱ्याच वर्षी तिचा प्रेक्षकवर्ग पन्नास लाखांच्या पलीकडे गेला.

या कार्यक्रमांचा हेतू लोकशिक्षणाचा आहे, अकाली मातृत्वाचे हाल पाहून मुली सावध व्हाव्यात म्हणून हा खटाटोप आहे, असे वाहिनी सांगत असे. आणि हे सांगणे अगदीच पोकळ होते असे म्हणता येत नाही. मेलिसा कीर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली असा निष्कर्ष मांडला की, कार्यक्रम सुरू झाल्यानंतरच्या दीड वर्षात अमेरिकेतील किशोरवयीन मातांच्या प्रसूतींत या कार्यक्रमाच्या प्रभावाने ५.७ टक्क्यांची घट झाली. दुसऱ्या अभ्यासकांनी या गणिताच्या पायालाच हात घातला आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. पण क्षणभर तो निष्कर्ष खरा धरून चालू. पाहणाऱ्या मुलींचे कल्याण झाले असेल. जिला पाहून ते झाले तिचे काय, हा प्रश्न त्या आकड्यात मावत नाही.

तिला पैसा मिळाला. डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयासमोर मिळकतीचा तपशील सांगण्याची वेळ आली, तेव्हा सहा महिन्यांच्या करारापोटी एक लाख चाळीस हजार डॉलर मिळत असल्याचे बाहेर आले. गावातील उत्तम कारखान्यातील उत्तम कारागिराने ऐन भरभराटीच्या काळातही एवढ्या रकमेचे स्वप्न पाहिले नसते. शिक्षण नाही, अन्य कसब नाही, वय विशीचे. आणि मेहनताना मिळतो तो आपण जसे आहोत तसे कॅमेऱ्यापुढे वावरण्याचा. परंतु कोणी आपण जसे आहोत तसे शांतपणे बसून राहिले तर त्याचा भाग होत नाही. पाळण्याशेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालणारी आई संपादकाच्या कात्रीखाली जाते. पाळण्याशेजारी किंचाळणारी आई जाहिरातीच्या आधी दाखवली जाते. भांडण कर असे कराराच्या कोणत्या कलमात लिहिलेले नसते आणि लिहिण्याची गरजही नसते. कोणत्या वागण्याला पडदा मिळतो हे एकोणीस वर्षांच्या मुलीलाही पहिल्या दोन भागांत समजते.

२०१० च्या शरद ऋतूत प्रसारित झालेल्या एका भागात अँबर आपल्या मुलीच्या पित्याला मारते. हा प्रसंग वर्णनाने जितका भयंकर वाटेल त्याहून प्रत्यक्षात अधिक ओशाळवाणा आहे. भरदार देहाचा, काहीसा भोळसट दिसणारा तो तरुण हात न उगारता मागे मागे सरकतो आहे, तिचे हात त्याच्या तोंडावर, गळ्याजवळ पडताहेत, नंतर लाथही बसते, आणि हे सगळे अंगावर नीट प्रकाश पाडून, आवाज स्वच्छ टिपून, एकाहून अधिक कोनांतून चित्रित झालेले आहे. त्या खोलीत त्या वेळी पगारी माणसे उभी होती. त्यांच्या हातांत यंत्रे होती. मधे पडणे हे त्यांच्या कामाच्या व्याख्येत बसत नव्हते, आणि ते न पडल्याबद्दल कोणाला दोष द्यावा हे ठरविणे आम्हांस वाटते तितके सोपे नाही. कारण वृत्तचित्र घेणाऱ्याने साक्षीदार राहावे, नट होऊ नये, हा दंडक त्या व्यवसायात जुना आणि प्रतिष्ठित आहे. मात्र साक्षीदाराला घटनेपासून नफा होऊ लागला म्हणजे तो दंडक पूर्वीइतका पवित्र राहतो काय?

प्रसारणानंतर अँडरसनच्या पोलिसांनी तपास सुरू केला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये अँबरवर कौटुंबिक मारहाणीचे तीन आरोप ठेवले गेले. त्यांपैकी दोन गंभीर स्वरूपाच्या गुन्ह्याचे होते, आणि ते तसे का झाले हे ध्यानी घेण्याजोगे आहे. इंडियानाच्या तत्कालीन कायद्याप्रमाणे कौटुंबिक मारहाण हा एरवी किरकोळ गुन्ह्यांत मोडे. परंतु सोळा वर्षांखालील मूल तेथे प्रत्यक्ष हजर असेल तर त्याची प्रत वाढून तो गंभीर गुन्हा होई. मूल हजर होते हे सिद्ध करण्यास कोणाही शेजाऱ्याची जबानी लागली नाही. ज्या चित्रफितीने तिला घर दिले, गाडी दिली, तिनेच तिच्यावर सर्वांत जड आरोप ठेवण्यास आधार पुरविला.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. मार खाणारा पुरुष असल्यामुळे कित्येक प्रेक्षकांनी त्या प्रसंगाची प्रथम थट्टा केली. भूमिका उलट्या असत्या, तर तो भाग त्या रूपात प्रसारित करण्याचे धाडस वाहिनीने केले असते की नाही याची शंकाच आहे.

डिसेंबरात तिला अटक झाली, जामीन झाला, जून २०११ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि दोन वर्षांच्या परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, ती सुटली. मुलीचा ताबा पित्याकडे गेला. याच काळात आत्महत्येच्या प्रयत्नानंतर तिला रुग्णालयात ठेवावे लागले. मनोविकाराने आपण ग्रस्त असल्याचे तिने पुढे जाहीरपणे सांगितलेले आहे. आणि हे सारे चालू असताना गोळ्यांचे प्रस्थ वाढत चाललेले होते.

या गोळ्या कसल्या, हे समजून घेतल्यावाचून पुढचे प्रकरण उलगडत नाही. त्या गल्लीबोळांत पुडीने विकल्या जाणाऱ्या पदार्थांतल्या नव्हत्या. वैद्याच्या चिठ्ठीवर, औषधाच्या दुकानातून, नाव छापलेल्या नारिंगी कुपीत मिळणाऱ्या होत्या. ज्या मुंबई बंदरातून एके काळी माळव्याची अफू पेट्यापेट्यांनी चीनला रवाना होत असे, तेथील वाचकास अफूचे गुणधर्म सांगावेत असे नाही. हायड्रोकोडोन, ऑक्सिकोडोन ही वेदनाशामके त्याच कुळातली. मेंदूत वेदनेची जाणीव दडपणारे जे ग्राहक बिंदू निसर्गतःच असतात, त्यांवर ही द्रव्ये जाऊन बसतात. वेदना ओसरते आणि तिच्याबरोबर भय, लाज, एकटेपण हेही काही तासांपुरते ओसरते. काही आठवड्यांत मेंदू या परक्या मदतीला सरावतो, पूर्वीच्या मात्रेने भागेनासे होते, आणि मात्रा चुकली की नाक वाहू लागते, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात पिळवटून येते, रात्रभर पाय स्वस्थ राहत नाहीत. माणूस त्यानंतर सुखासाठी गोळी घेत नाही; नुसते अंथरुणातून उठता यावे म्हणून घेतो.

पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकोडोनची दीर्घकाळ चालणारी गोळी बाजारात आणली आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका अत्यल्प असल्याचा प्रचार डॉक्टरांमध्ये केला. २००७ साली लबाडीच्या या प्रचाराबद्दल कंपनीने गुन्हा कबूल केला आणि कंपनी व तिचे अधिकारी मिळून सुमारे ६३ कोटी ४० लाख डॉलरचा दंड भरण्यात आला. गोळ्यांचा ओघ मात्र थांबला नाही. अमेरिकेत या वर्गातील औषधांच्या चिठ्ठ्यांची संख्या शिगेस पोचली ती २०१२ साली, अँबर तुरुंगात गेली त्याच वर्षी: वर्षाकाठी पंचवीस कोटींहून अधिक, म्हणजे दर शंभर माणसांमागे एक्याऐंशी. हायड्रोकोडोनच्या मिश्रणांवरील नियंत्रण केंद्र सरकारने कडक केले ते २०१४ मध्ये. त्यानंतरच्या वर्षी याच इंडियाना राज्याच्या दक्षिणेस, ऑस्टिन नावाच्या चार हजार वस्तीच्या गावात, अशाच एका गोळीची पूड विरघळवून सुईने टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची साथ पसरली आणि बाधितांची संख्या दोनशेच्या वर गेली. तात्पर्य, आपल्या नायिकेचे व्यसन हे प्रसिद्धीचे लाड नव्हते. ते तिच्या गावचे, तिच्या राज्याचे, तिच्या पिढीचे व्यसन होते. प्रसिद्धीने फक्त त्याला पैसा आणि सबब पुरवली.

डिसेंबर २०११ मध्ये परिवीक्षेच्या शर्तींचा भंग आणि औषधे बाळगणे यांबद्दल तिला पुन्हा अटक झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सरकारी वकिलांशी तडजोड झाली ती अशी: पाच वर्षांची कैद, परंतु ती तहकूब, आणि तहकुबीच्या मोबदल्यात ड्रग कोर्टाच्या देखरेखीखाली उपचार पुरे करण्याची जबाबदारी.

ड्रग कोर्ट ही संस्था आपल्याकडे अपरिचित आहे. १९८९ साली फ्लोरिडातील मायामी येथे पहिले ड्रग कोर्ट स्थापन झाले. व्यसनापायी गुन्हा करणाऱ्याला पुन्हापुन्हा कोठडीत टाकले तरी तो पुन्हापुन्हा तेथेच परत येतो, या अनुभवाने थकलेल्या न्यायाधीशांची ती निर्मिती. २०१२ पर्यंत अशी दोन हजारांहून अधिक न्यायालये अमेरिकेत झालेली होती. येथे वकील परस्परांचे प्रतिपक्षी राहत नाहीत. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचे वकील, परिवीक्षा अधिकारी आणि समुपदेशक एकत्र बसून एकेका व्यसनी माणसाची चर्चा करतात. बहुतेक ठिकाणी हा कार्यक्रम एक ते दीड वर्षाचा असतो आणि पायरीपायरीने सैल होत जातो. आरंभी जवळजवळ दर आठवड्यास न्यायाधीशासमोर उभे राहावे लागते. कित्येक न्यायालयांत असा शिरस्ता आहे की, आरोपीला एक रंग नेमून दिलेला असतो. त्याने रोज पहाटे एका ठराविक क्रमांकावर दूरध्वनी करायचा, ध्वनिमुद्रित आवाज त्या दिवसाचा रंग सांगतो, आणि आपला रंग निघाला तर काही तासांच्या आत तपासणीच्या जागी जाऊन, देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर, नमुना द्यायचा. नमुना निर्मळ निघाला तर भर न्यायालयात टाळ्या वाजतात. मलिन निघाला तर दोन-चार दिवसांची कोठडी, आणि पुन्हा आरंभीची पायरी.

ही पद्धत बऱ्याच अंशी फलदायी आहे असे अनेक पाहण्यांत आढळून आलेले आहे. तिच्यातून पार पडलेल्यांत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण घटते. तथापि तिच्यात एक अंतर्विरोध पहिल्यापासून आहे. व्यसन हा रोग आहे असे ती मानते, आणि रोगाचे लक्षण दिसले की शिक्षा करते. मधुमेह्याच्या रक्तातील साखर वाढली म्हणून त्याला शनिवार-रविवार कोठडीत ठेवण्यासारखेच ते आहे. शिवाय अफूच्या कुळातील व्यसनावर ज्यांचा गुण सर्वांत खात्रीचा, ती मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे कित्येक ड्रग कोर्टांनी त्या काळी निषिद्ध ठरविलेली होती, कारण एका गोळीच्या जागी दुसरी गोळी म्हणजे मुक्ती नव्हे, असा त्यांचा समज. केंद्र सरकारचे अनुदान हवे असेल तर ही औषधे नाकारता येणार नाहीत, असे बंधन आले ते २०१५ मध्ये.

आपल्या देशातही या कल्पनेचे एक बीज कायद्यात आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक अधिनियमातील कलम ६४-अ प्रमाणे, अल्प प्रमाणात पदार्थ बाळगलेला किंवा त्यांचे सेवन केलेला व्यसनी माणूस सरकारमान्य संस्थेत आपण होऊन उपचार घ्यावयास तयार झाला, तर त्याच्यावरील खटल्यापासून त्याला मुक्ती मिळू शकते; मात्र उपचार अपुरा सोडल्यास ही मुक्ती काढून घेता येते. तलवार तीच, फक्त आपल्याकडे ती क्वचितच म्यानातून निघते. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा गर्दच्या आहारी गेलेली मुले कोर्टाच्या हुकमाने नव्हे, आईबापांनी हाताला धरून आणलेली असत. तेथे येणाऱ्यास सांगितली जाणारी एक गोष्ट जगभरच्या सर्व व्यसनमुक्ती केंद्रांत सांगितली जाते: जुनी संगत, जुन्या जागा आणि जुन्या वस्तू यांपासून दूर राहा. ज्या कट्ट्यावर ओढत होतास त्या कट्ट्यावरून घरी जाऊ नको; लांबचा रस्ता धर.

आता हा उपदेश अँबर पोर्टवुडला लावून पाहावा. जुन्या संगतीपासून दूर राहायचे. पण ती संगत, म्हणजे मुलीचा पिता आणि त्याच्याशी होणारा रोजचा तंटा, हाच तिच्या कार्यक्रमाचा विषय होता. जुन्या जागांपासून दूर राहायचे. पण त्याच गावातली, त्याच घरातली दृश्ये प्रेक्षकांना हवी होती. शांत, एकसुरी, नोंद न होण्याजोगे दिवस काढायचे, कारण व्यसनमुक्तीच्या पहिल्या वर्षात याहून मोठे औषध नाही. पण नोंद न होण्याजोग्या दिवसांना तिच्या बाजारात किंमत नव्हती. न्यायालयाने तिच्या लघवीपासून तिच्या वेळापत्रकापर्यंत सर्व काही आपल्या अंमलाखाली घेतले. तिच्या उपजीविकेकडे मात्र, आमच्या माहितीप्रमाणे, उपचाराचा एक भाग म्हणून पाहिले गेले नाही. दारूच्या गुत्त्यात नोकरी करणाऱ्या दारुड्याला कोणताही समुपदेशक पहिल्या दिवशी ती नोकरी सोडावयास सांगेल. येथे गुत्ता कोणता, हेच ठरलेले नव्हते.

मागे जो हिशेब म्हटला, त्याचा कायदेशीर भाग आता सांगता येईल. इंडियानाच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे, तुरुंगात सरळ वागणाऱ्या सर्वसाधारण कैद्यास भोगलेल्या प्रत्येक दिवसामागे एका दिवसाची सूट मिळे. म्हणजे पाच वर्षांची अडीच वर्षे आपोआप होत. आत राहून शालान्त परीक्षेशी समकक्ष परीक्षा उत्तीर्ण झाल्यास आणखी सहा महिने सुटत, आणि व्यसनमुक्तीचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा केल्यास सहा महिन्यांपर्यंत आणखी. एकूण कैद दीड वर्षाच्या आसपास येऊन ठेपे. ड्रग कोर्टाचा कार्यक्रमही, एकदाही पाय न घसरता पार पाडला तर, तितक्याच मुदतीचा. आणि पाय घसरला तर ती सारी मेहनत वाया जाऊन पाच वर्षांची शिक्षा पहिल्या दिवसापासून समोर उभी. आपला पाय घसरतो आहे हे जिला पक्के ठाऊक होते, कारण सवलतीच्या काळातही ती गोळ्या घेत होती, तिने निश्चित मुदत पत्करली. शिक्षेची मुदत ठाऊक असते, उपचाराची नसते. नैतिक धैर्य म्हणून या निर्णयाचे जे गोडवे पुढे गायले गेले ते आम्हांस अतिशयोक्त वाटतात, परंतु तो मूर्खपणाचा होता असे म्हणणाऱ्यांनी कायद्याचे पुस्तक उघडून पाहिले नव्हते हेही तितकेच खरे.

तिला रॉकव्हिल येथील स्त्रियांच्या तुरुंगात ठेवण्यात आले. छप्पर घातलेल्या जुन्या लाकडी पुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या, शेतांनी वेढलेल्या पार्क जिल्ह्यातील हे ठिकाण. तेथे ती शालान्त समकक्ष परीक्षा उत्तीर्ण झाली, व्यसनापासून मुक्त झाली, आणि सतरा महिन्यांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, सुटून बाहेर आली. सतरा महिने हा आकडा वरच्या हिशेबाशी किती जवळून जुळतो ते वाचकाने पाहिलेच असेल. गोळ्यांपासून सुटका बाहेरच्या सवलतीने झाली नाही, ती भिंतींच्या आत झाली, यावरून तुरुंगाची थोरवी गाणारे पुष्कळ निघाले. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, तुरुंगात तिच्यापासून गोळ्यांबरोबर आणखीही एक गोष्ट तोडली गेलेली होती. दर आठवड्याचे चित्रीकरण तेथे नव्हते. अर्थात ते अगदीच नव्हते असेही नाही. वाहिनीने २०१३ मध्ये ‘अँबर बिहाइंड बार्स’ हा विशेष कार्यक्रम केलाच, आणि तुरुंगाच्या गणवेशातील मुलाखत प्रेक्षकांनी पाहिलीच.

सुटकेनंतरचा मार्ग त्या व्यवसायातील प्रघातास धरून होता. २०१४ मध्ये ‘नेव्हर टू लेट’ हे आत्मकथन निघाले. २०१५ च्या मार्च महिन्यात ‘टीन मॉम’ पुन्हा सुरू झाली आणि ती त्यात परतली. तुटलेली नाती सांधून देण्याचा आव आणणाऱ्या ‘मॅरेज बूट कॅम्प’ या दुसऱ्या एका चित्रवाणी कार्यक्रमात ती सहभागी झाली, तेव्हा तेथील चित्रीकरण पथकातल्याच एका माणसाशी तिचे सूत जुळले आणि मे २०१८ मध्ये त्यांना मुलगा झाला. कॅमेऱ्याच्या पुढे जन्मलेला पहिला संसार मोडला होता. दुसरा कॅमेऱ्याच्या मागून आला.

जुलै २०१९ मध्ये इंडियानापोलिस येथे याच जोडीदाराने पोलिसांना बोलावले. मारहाणीच्या आरोपांबरोबर मोठ्या कोयत्याचा धाक घातल्याचाही आरोप होता, आणि या वेळीही मूल घरात होते. ऑक्टोबरच्या अखेरीस तिने मारहाण आणि धमकी हे गुन्हे कबूल केले. ९०६ दिवसांची शिक्षा झाली, ती कैदेऐवजी परिवीक्षेवर भोगावयाची. मुलाचा ताबा २०२२ मध्ये न्यायालयाने पित्याकडे दिला. व्यसन सुटलेले होते. राग सुटलेला नव्हता. लोकप्रिय कथनांत या दोहोंची गाठ अशी काही घट्ट बांधलेली असते की, एक गेले की दुसरे आपोआप जाईल असे सर्वांनीच गृहीत धरलेले होते, आणि रॉकव्हिलचे सतरा महिने हे संपूर्ण पुनर्जन्माचे आख्यान म्हणून विकले गेलेले होते. गोळ्यांच्या व्यसनावर राज्याच्या खर्चाने अभ्यासक्रम होता. रागावर पहिल्यापासून जर काही होते, तर ते पन्नास लाख प्रेक्षकांचे डोळे होते.

वाहिनीने तिच्याशी संबंध तोडले नाहीत. परिवीक्षेच्या मुदतीत तिच्यावर जे निर्बंध होते त्यांत शस्त्र न बाळगण्याचा होता, मादक पदार्थ न घेण्याचा होता, समुपदेशनाच्या वर्गास हजर राहण्याचा होता. चित्रीकरणाचा त्यांत उल्लेख नव्हता. मालिकेचे पुढचे भाग त्या मुदतीत प्रसारित होत राहिले आणि त्या खटल्याची, त्या ताब्याच्या वादाची हकीकत त्यांतूनच प्रेक्षकांना कळत गेली. ती मुदत सरल्यावर, २०२२ मध्ये, ‘टीन मॉम’ आणि तिची जोडमालिका एकत्र करून वाहिनीने ‘द नेक्स्ट चॅप्टर’ या नावाने नवी मालिका काढली, आणि तिच्या नामावळीतही अँबर पोर्टवुड होती.